आबांच्या पहिल्या नंबरचा गेम

खुशालराव गावंडे यांचं वय अडुसष्ट. गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोज लागते, आणि व्हिडिओ गेमबद्दलची मतं अशी ठाम की विचारूच नका. अमरावतीत बडनेरा रोडच्या मागं त्यांची कॉलनी. तिथली त्यांच्या वयाची माणसं संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर बसून राजकारणाचा कीस पाडतात. खुशालराव तिथं पाच मिनिटं टेकतात नि उठतात. "तुमचं चालू द्या बापा. मले अजून समुद्राकाठची फेरी मारायची हाय," म्हणतात आणि घर गाठतात. आधी लोकांना वाटलं, म्हातारा कामातून गेला. आता सवय झाली.

त्यांची नात प्रणाली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दर डिसेंबरात, शेवटच्या रविवारी, ती आबांना खुर्चीत बसवून मोबाइलवर व्हिडिओ काढते: 'वऱ्हाडी आबांचे यंदाचे पाच गेम'. गेल्या वर्षी तो चाळीस हजार लोकांनी पाहिला. पुण्याच्या कोणीतरी खाली लिहिलं की आजोबा फार तुसडं बोलतात. आबांना मनापासून नवल वाटलं. "मी त्याले शिवी देल्ली काय? सरळ तं बोललो!"

यंदाची यादी दिवाळीतच पक्की झाली होती. पाचव्या नंबरावर भुताच्या वाड्याचा एक गेम, तोही केवळ करमणूक म्हणून. "भूत दिसलं का मानूस पयते. इथं हे बयताड दार उघडून अंदर जाते! मंग मरन नाई तं काय?" चौथा फळबागेचा. त्यात संत्र्याला तीन दिवसांत फळ धरतं. वरूडच्या संत्रावाल्याला हा गेम दाखवला तर तो हसून हसून लोळेल, असं आबांचं म्हणणं. पण त्यातलं एकही झाड वाळत नाही म्हणून त्यांनी त्याला माफ केलं होतं. तिसरा तळ्याकाठी गळ टाकून बसायचा, दुसरा जुने रेडिओ खोलून दुरुस्त करायचा. आणि पहिला नंबर गेली तीन वर्षं एकाच गेमचा, बस चालवायचा. त्याचं नाव इंग्रजी होतं. घरात त्याला सगळे 'आबाची गाडी' म्हणत.

त्याचं असं झालं. प्रणालीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तिनं हौसेनं त्यावर हा गेम टाकला. कोण्या मैत्रिणीच्या भावाकडून जुनं, खेळायचं स्टेअरिंगही आणलं. खाली पायाशी ब्रेक नि अ‍ॅक्सिलेटर. ती गाडी चालवत होती आणि आबा दारात उभे. त्यांना राहवेना. "गेअर चुकला तुया. उतारावर न्यूट्रल करून राहिली काय वं?" ती उठली नि म्हणाली, बसा मग तुम्ही. आबा बसले. वीस वर्षांनी त्यांच्या हातात गोल चाक आलं. पहिल्या वळणावर त्यांनी ते असं अलगद सोडलं आणि परत धरलं की प्रणाली बघतच राहिली. आणि आबा रडत होते. सांगायला लाज कसली, ढसाढसा रडत होते.

कारण खुशालराव ड्रायव्हर होते. दर्यापूरकडच्या एका सूतगिरणीची कामगारांची बस त्यांनी एकोणीस वर्षं चालवली. सकाळी गावोगावचे कामगार गोळा करायचे, पाळी सुटली की परत सोडायचे. गाडीवर बेल मारायला श्रावण. छतालगत मागून पुढपर्यंत दोरी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पितळी घंटा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. खुशालराव नि श्रावण एका डब्यात जेवत, एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभे राहत.

दोन हजार दोन सालची गोष्ट. संध्याकाळी पाचचा सुमार, लख्ख उजेड. शेवटच्या फाट्यावर शेवटची कामगार उतरली, भागीरथाबाई. तिचा पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा उतरवून द्यायला श्रावणही खाली उतरला. गाडी पार रिकामी. बाई मागच्या चाकाजवळ वाकून सांडलेल्या काड्या गोळा करत होती. खुशालरावांनी गाडी काढली.

बाई जागच्या जागी गेली.

खुशालराव म्हणाले, दोन बेल झाल्या म्हणून मी गाडी काढली. श्रावण म्हणाला, मी खाली होतो, बेल झालीच नाही. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. मग दोरी ओढणार कोण? कोर्टात तारखा पडल्या, पुरेसा पुरावा नाही म्हणून खुशालराव सुटले, पण गिरणीनं त्यांना स्टेअरिंगवरून कायमचं उतरवलं. पुढची वर्षं गोदामात सुताच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेली. श्रावणाशी बोलणं तुटलं ते तुटलंच. तो निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडं राहायला गेला, हेही खुशालरावांना तिसऱ्याकडून कळलं.

बावीस वर्षं त्या माणसानं स्वतःला एकच प्रश्न विचारला: बेल वाजली होती की नाही? वाजली असेल तर श्रावण खोटारडा, आणि आपण नियमाप्रमाणं वागलो. नसेल वाजली, तर नसलेल्या आवाजावर भुलून आपण एका गरीब बाईला मारलं. जेवताना, लग्नात, नातीच्या बारशाला, कुठंही बसले तरी हा प्रश्न शेजारी बसलेलाच.

म्हणून गेममध्येही त्यांनी एक शिस्त ठेवली होती. त्या गेममध्ये बेल नाही, कंडक्टर नाही. माणसं चढली-उतरली की आपली गाडी काढायची. पण आबा काढत नसत. थांब्यावर गाडी लागली की स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडत, "जमना, बेल!" मग त्यांची बायको जमुनाबाई हातातलं काम सोडून झाकणावर चमच्यानं दोन ठोके देत आणि वर म्हणत, "गेली का तुमची यष्टी? का मीच येऊ धक्का द्याले?" जगाला दाखवायचं होतं त्यांना, हा माणूस बेलशिवाय गाडी काढत नाही.

यंदा राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला जमुनाबाई भजनी मंडळासोबत दोन दिवस मोझरीला गेल्या. मुलगा किशोर नि सून आरती आपापल्या नोकरीवर, प्रणाली कॉलेजात. दुपारचे अडीच. ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलेलं. आबा एकटेच समुद्राकाठच्या एका खेड्यात गाडी लावून बसले होते. शेवटचा प्रवासी उतरला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रवासी शून्य असा आकडा आला.

"हं जमना, देय बेल," आबा सवयीनं बोलून गेले. मग आठवलं, ती तर मोझरीला. स्वतःशीच हसले. चला, बंद करू म्हणून त्यांनी हात पुढं केला.

आणि बेल झाली. दोन ठोके.

झाकणावरचा चमचा तो नव्हता. गिरणीच्या गाडीची घंटा तडकलेली होती. तिचा पहिला ठोका स्वच्छ पडायचा आणि दुसरा बसका. तोच पहिला नि तोच दुसरा. आवाज आला डोक्यावरून, जरा डाव्या अंगानं, जिथं त्या गाडीत घंटा होती तिथून. इथं त्या जागी घराचं छत होतं आणि पंख्याची वायर.

पाय आपोआप ब्रेकवरून उठला. एकोणीस वर्षांची सवय ती, पाय डोक्याला विचारत बसत नाही. पडद्यावरची गाडी हातभर पुढं सरकली. "कोन हाय?" आबा ओरडले आणि त्यांनी भिंतीतली पिनच उपटली. पडदा काळा झाला. तेव्हा मागून पुढं, छताच्या कडेनं, दोरी कड्यांतून सरकत गेल्यासारखी खरखर ऐकू आली. मग तीही थांबली. आबांची मान मागं वळेना. वळवायची हिंमतच झाली नाही त्यांची. खुर्चीतून तसेच पुढं सरकत ते दाराकडं गेले आणि पाच वाजेपर्यंत बाहेर ओट्यावर उन्हात बसून राहिले. समोरच्या भगवंतरावांनी विचारलं, "आज गाडी बंद काय, खुशालराव?" आबांनी नुसती मान हलवली.

प्रणाली रोज कॉलेजला जाताना कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून जायची. आबांच्या बडबडीतले मजेदार तुकडे डिसेंबरच्या व्हिडिओला कामी यायचे. संध्याकाळी आबांनी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "लाव ते. पाहू दे."

तिनं लावलं. पिन उपटल्यानं शेवट तुटला होता, पण तोवरचं सगळं होतं. खुर्चीची करकर, इंजिनाची घरघर, 'हं जमना, देय बेल', हसणं. आणि मग बेल.

"हे पाह्य! आली का नाई?"

प्रणाली पुढं सरकली. तिनं मागं घेऊन पुन्हा लावलं. आवाज वाढवला, हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं. पाचव्यांदा ऐकून तिनं हेडफोन काढला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आबा, तुमी 'कोन हाय' म्हनता ते ऐकू येते. त्याच्या आंधी काईच नाई."

"तुले बेल ऐकू नाई येऊन राहिली?"

"नाई आबा."

आबांना मात्र दर वेळी येत होती. पहिली स्वच्छ, दुसरी बसकी.

जमुनाबाई परतल्या. त्यांनाही ऐकवलं, त्यांनाही काही ऐकू आलं नाही. "कान दाखवा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी कान पाहिले, ठणठणीत निघाले. आणि ते कळलं तेव्हा खुशालराव आतून पार खचले. कारण आता उत्तर मिळालं होतं. नसलेली बेल आपल्याला ऐकू येते. आज येते, तशी तेव्हाही आली असणार. श्रावण खरं बोलला होता. आपण बावीस वर्षं एका सच्च्या माणसाला खोटारडा म्हणत आलो, आणि भागीरथाबाई आपल्याच डोक्यातल्या घंटेनं मेली.

चार दिवस ते धड जेवले नाहीत. जमुनाबाई ताट पुढं सरकवायच्या, ते परत सरकवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि प्रणालीला म्हणाले, "चाल, अकोल्याले जाऊ. मले श्रावणाची माफी मांगायची हाय. अन् ते तुयं रेकॉर्डिंग घे मोबाइलात. तो म्हनन पुरावा काय, तं दाखवून देऊ, का मलेच भास होते."

श्रावणाच्या लेकीचं, नीलमचं घर जुन्या शहरात. तिनं दार उघडलं, नाव ऐकलं आणि क्षणभर दारातच उभी राहिली. आत पलंगावर श्रावण बसला होता. सत्तरी ओलांडलेला, हाडं वर आलेली. त्यानं खुशालरावांना ओळखलं आणि उठायचा प्रयत्न केला. खुशालरावांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. बावीस वर्षांत पहिला स्पर्श.

"बस बे. मीच आलो ना."

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. गेम, बेल, रेकॉर्डिंग, नातीला ऐकू न येणं, सगळं. "तू खरा होता, श्रावण. मी तुले लय बोललो. गावभर बोललो. तुया पाया पडतो, माफ कर."

श्रावणानं प्रणालीच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. तो म्हणाला, "आयकव मले."

प्रणालीनं मोबाइल त्याच्या मांडीजवळ धरला. इंजिनाची घरघर खोलीत पसरली. 'हं जमना, देय बेल.' हसणं.

त्यानंतरच्या क्षणी, जिथं प्रणालीला आणि नीलमला निव्वळ शांतता ऐकू येत होती, तिथं श्रावणाचा हात सपकन वर गेला. तळवा पुढं, बोटं ताठ. "थांब! थांब, बाई खाली हाय!" तो एवढ्या जोरात ओरडला की नीलमच्या हातातला चहाचा कप खाली पडला.

फुटलेल्या कपाचा चहा फरशीवर पसरत गेला. प्रणालीच्या एकदम लक्षात आलं, हा म्हातारा बरोब्बर बेलच्या जागेवर ओरडला. आबांनी त्याला मिनिट-सेकंद काही सांगितलं नव्हतं. तिनं मोबाइल घाईनं बंद केला आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसली.

"आयकू आली तुले," खुशालराव कुजबुजले.

"आली." श्रावणानं हात खाली घेतला. "दुसरी बसकी. तवा बी आली होती, खुशाल. दोन. मी खाली उभा होतो, भारा हातात होता. दारातून वर पाह्यलं तं दोरी हालून राहिली होती. गाडीत कोनी नाई, अन् दोरी हालते! हे मी सायबाले कसं सांगू? दोरी मायी जबाबदारी. बेल झाली म्हनलं असतं तं म्हनले असते, तूच वाजोली. दोन पोरी होत्या पदरात. म्हून मी म्हनलं, झालीच नाई."

खुशालराव त्याच्याकडं पाहत राहिले. बावीस वर्षांचा प्रश्न सुटला होता. बेल वाजली होती! त्यांचा पहिला श्वास सुटकेचा होता, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. दुसरा रागाचा. या माणसानं आपलं स्टेअरिंग नेलं, उरलेली सगळी नोकरी चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. आणि तिसरा भीतीचा. कारण बाईच्या भुतावर घालावं म्हटलं, तर बेल झाली तेव्हा बाई जिवंत होती, वाकून काड्या वेचत होती. मग ओढणारं कोण? आणि ते आता आपल्या घरी कशाला आलं?

"मंग बावीस वर्सं कायले गप बसला बे, हरामखोरा!" ते गरजले. "एक डाव तं सांगायचं होतं मले!"

श्रावणानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर झुकलेली नव्हती.

"सांगनार होतो. दहा डाव घरून निघालो. पन मलेबी तुले एक इचारायचं होतं, अन् ते इचारायची हिंमत नोती. दोरी हालली तसा मी हात वर केला, आत्ता केला तसा. वरडलो. इंजिनात वरडनं नसन आयकू आलं. पन मी डाव्या आरशात तुले साफ दिसत होतो, खुशाल. माया बाजूले बाईबी दिसत होती. तू आरशात काहून नाई पाह्यलं?"

हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. साहेबानं नाही, पोलिसांनी नाही, वकिलानं नाही. सगळे बेलवर भांडत बसले होते, आणि सगळ्यांत जास्त खुशालराव स्वतः.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नातीसमोर बोलायचं होतं, ते सोपं नव्हतं.

"दोन बेल झाल्या का मी पाहत नोतो," ते म्हणाले. "कधीच नाई पाह्यलं रे. एकोनीस वर्सं. बेल झाली का मंग तुयं काम संपलं, मायं काम गाडी काढनं."

मग दोघंही रडले. एकमेकांना धरून नाही. आपापल्या जागी बसून. नीलमनं फरशी पुसली आणि पुन्हा चहा टाकला, तो मात्र सगळ्यांनी घेतला.

डिसेंबरचा शेवटचा रविवार आला. प्रणाली म्हणाली, आबा, यंदा व्हिडिओ नको, बसचा गेम मी काढून टाकते. आबा ऐकेनात. सकाळी अकराला खुर्चीत बसले. भुताच्या वाड्याबद्दल यंदा ते काही हसले नाहीत, नुसता पाचवा म्हणून पुढं गेले. पहिल्या नंबराला पोचल्यावर त्यांनी गेम चालू केला आणि कॅमेऱ्याकडं न बघता बोलू लागले. दर्यापूर रोडचा फाटा, संध्याकाळचे पाच, भागीरथाबाई. श्रावणाच्या खोटेपणाचा त्यांनी उच्चारही केला नाही. "बाई माया हातून मेली. मी आरशात पाह्यलं नाई," एवढंच सांगितलं. दारात उभ्या जमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पडद्यावर थांबा आला. माणसं उतरली. जमुनाबाईंच्या हातात झाकण नव्हतं, चमचा नव्हता.

आबांची मान एकदम वर गेली, जरा डावीकडं. प्रणालीला काहीही ऐकू आलं नाही. आबांचा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला होता. पांढरी पडलेली बोटं चाकावर. त्यांनी पडद्यावरच्या गाडीच्या आरशात पाहिलं. पाहतच राहिले. व्हिडिओत ती चाळीस सेकंदं आहेत. बऱ्याच जणांना वाटलं, व्हिडिओ अडकला.

"प्रणाली," आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आरशात काई दिसत नाई. पन खाली कोनी हाय काय, पाह्य बरं बेटा."

प्रणाली कॅमेरा तसाच ठेवून गुडघ्यावर बसली, आबांच्या खुर्चीखाली, टेबलाखाली, भिंतीपर्यंत वाकून तिनं नीट पाहिलं.

"कोनी नाई आबा," ती मोठ्यानं म्हणाली. "जाऊ द्या."

तेव्हा आबांनी ब्रेकवरचा पाय उचलला.